सालीच्या वस्तू खाणाऱ्या फिटरची बायको

दोन हजार सहा सालच्या आषाढात मारोती फिटर दहा-बारा दिवस घरी फक्त सालीच्या वस्तू खाऊन राहिला. केळं, उकडलेलं अंडं, भुईमुगाच्या शेंगा, मक्याचं कणीस. काकडी चालायची, पण ती त्यानं स्वतःच्या हातानं सोललेली पाहिजे. अंडंही तो स्वतःच उकडायचा, स्वतः हापशीवरून आणलेल्या पाण्यात. ज्या वस्तूला साल आहे तिच्यात कोणाला काही कालवता येत नाही, असं त्याचं गणित होतं. खरं सांगायचं तर गणितात चूक काढायला जागा नव्हती.

कालवणारी म्हणून ज्या बाईवर त्याचा संशय होता ती त्याची बायको, पंचफुला. ती आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत खिचडी शिजवायची. एकशे छत्तीस पोरं रोज तिच्या हातचं ओरपायची, ताट चाटून पुन्हा रांगेत उभी राहायची. अख्ख्या गावात तिच्या हातचं खायला भिणारा एकच माणूस होता आणि तो नेमका तिच्याच घरात राहत होता.

आमच्या आणि त्यांच्या घरामधली भिंत कुडाची आहे. त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते मी चोरून ऐकलेलं नाही, ते आपोआप आलेलं आहे. बाकीचं पंचफुलावहिनीनं स्वतः सांगितलं. ती सांगायला कधी लाजली नाही. लाजायचं काम तिनं आम्हा शेजाऱ्यांवर सोडलं होतं.

आधी मारोतीभाऊ. नाव मारोती, घर बौद्ध. आजानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव पोत्यात बांधून नदीवर नेले. पण पुढं नातू झाला तेव्हा आजीनं हट्टानं आपल्या मेलेल्या भावाचं नाव ठेवलं. "देव गेले, मामसासरा राह्यला," असं शकुबाई म्हणते. शकुबाई म्हणजे मारोतीभाऊची आई. तिच्या जिभेला रविवारची सुट्टी नाही.

मारोतीभाऊ दारव्ह्याच्या रस्त्यावरच्या जिनात फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करणारं मशीन म्हणजे जिन, आणि अशा मशिनी जिथं ओळीनं बसवलेल्या असतात तो कारखानाही जिनच. चोवीस मशिनींच्या गोंगाटात मारोतीभाऊ डोळे मिटून उभा राहायचा आणि सांगायचा, "सात नंबरचं चामडं गेलं." उघडून पाहावं तर सात नंबरच्या रोलरचं चामडं खरंच झिजलेलं. मालक त्याच्याशी बोलताना आवाज बेतानं काढायचा, न जाणो आपल्यातलंही काही झिजलेलं सापडायचं.

मग ती वर्षं आली. कापसाचे भाव पडले, सरकारी खरेदी आज सुरू होते, उद्या सुरू होते असं चालू राहिलं, आणि ज्या जिल्ह्याला नकाशात कोणी शोधत नव्हतं त्याचं नाव रोज पेपरात यायला लागलं. पांढऱ्या गाड्यांतून माणसं यायची, शेतकऱ्यांची विचारपूस करायची. फिटरला कोणी काही विचारलं नाही. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चालणारं जिन दोन महिन्यांतच बंद व्हायला लागलं. उरलेले दहा महिने असले कान घेऊन माणसानं करावं काय? मारोतीभाऊ आधी हंगाम संपला म्हणून प्यायचा, मग हंगामच नाही म्हणून प्यायला लागला. विहारात रविवारी वंदनेला यायचा. पहिली चार शीलं खणखणीत म्हणायचा. पाचवं शील, नशापाणी न करण्याचं, आलं की त्याला नेमका खोकला यायचा. लहान पोरं त्या खोकल्याची वाट पाहत बसायची.

वहिनीनं भांडून पाहिलं, रडून पाहिलं. माहेरी नेरला जाऊनही पाहिलं. "आठ दिवस राह्यली मी," ती सांगायची. "वापस आली त मले म्हणते, भाजीत मीठ कमी पडून राह्यलं तुझं आठ दिवसापासून. म्या गेलती हेच त्याले समजलं नाही!"

त्या आषाढाआधीच्या मे महिन्यात तिनं एक चूक केली. दारव्ह्याच्या बाजारात एक जीप उभी राहायची. जीपवर भोंगा, भोंग्यातून हिंदी: "माताओ, बहनो, पीनेवाले को पता भी नहीं चलेगा!" पुडी वरणात टाका, महिन्यात दारू सुटेल, नवऱ्याला सांगायची गरज नाही. सांगायची गरज नाही, हे ऐकूनच बायांची गर्दी व्हायची. आमच्याकडच्या बायांचा पक्का अनुभव आहे की नवऱ्याला विचारून केलेली गोष्ट तडीस जात नाही. आधी करायचं, मग सांगायचं. वहिनीनं आपल्या एकुलत्या पोरीला, दीपाला, अकरावीला पुसदच्या वसतिगृहात असंच घातलं होतं. मारोतीभाऊला चार दिवसांनी कळलं, दोन दिवस ओरडला, आणि पुढं तोच सगळ्यांना सांगत फिरला की माझी पोरगी सायन्सला आहे. तो उपाय फळला, म्हणून पुडीही फळेल असं तिला वाटलं.

अकरा दिवस तिनं पुडी वरणात कालवली. बाराव्या दिवशी मारोतीभाऊ नेहमीपेक्षा जास्त पिऊन आला आणि उंबऱ्यातच लालबुंद झाला. छाती धडधडायला लागली, ओकाऱ्या थांबेनात, घामानं सदरा भिजला. जीप करून यवतमाळला सरकारी दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पण दारू अशी एकाएकी बंद पडली आणि तिसऱ्या दिवशी मारोतीभाऊला वॉर्डात जिन ऐकू यायला लागलं. जून महिना, जिनाला कुलूप, आणि हा खाटेवर बसून ओरडतो, "रोलर घासून राह्यला! बंद करा ना बे कोणी!" मग त्या आवाजाला शब्द फुटले. तो सांगायला लागला, जेवणात काहीतरी आहे. बायको घालते.

तिथल्या डॉक्टर उर्वशी मॅडम वयानं लहान, पण बोलायला पक्क्या. वहिनीनं त्यांना बाजूला घेऊन पुडीचं सगळं सांगितलं. मॅडम आधी रागावल्या, पुडीवर दारू पडली की जीवही जातो म्हणाल्या, मग खाली बसल्या आणि समजावून सांगितलं. दारूनं आणि दारू तुटल्यानं डोकं बिघडलंय, ते सुधारतं. सकाळी एक, संध्याकाळी एक गोळी, घरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत. चुकली की आवाज परत येतील. एकट्याला सोडायचं नाही.

"आणि लपवून द्यायची नाही," मॅडम म्हणाल्या. "एकदा लपवून दिलं त्याचं हे झालं. दुसऱ्यांदा पकडल्या गेलात तर हा माणूस जन्मात तुमच्या हातचं पाणी पिणार नाही."

"अन् घेतलीच नाही त?"

"पंधरा दिवसांनी घेऊन या. तोवर जेवण आणि गोळी सुरू झाली नसेल तर नागपूरला भरती करावं लागेल."

नागपूरला म्हणजे वेड्यांच्या दवाखान्यात. तिथून माणूस परत येत नाही असा आमच्या गावाचा समज, कारण गावातून गेलेला एकच, उकंडा, आणि तो आला नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की उकंडा सहा महिन्यांत ठणठणीत बरा झाला होता आणि तिथंच एका चहाच्या टपरीवर लागला होता. त्याला हे गावच नको होतं. पण तेव्हा हे कोणाला ठाऊक? वहिनीसाठी नागपूर म्हणजे नवरा गेला.

घरी आल्यावर मारोतीभाऊनं वहिनीच्या हातातल्या गोळीकडे असं पाहिलं जसं कोणी विंचवाकडे पाहतं. भाकरी नाही, वरण नाही, पाणीसुद्धा तिच्या मडक्यातलं नाही. सालीचे दिवस सुरू झाले. शकुबाईनं स्वतः भात रांधला तर म्हणाला, "तांदूळ कोनं निवडला?"

"तुझ्या बायकोनं."

"मंग राहू दे."

शकुबाईनं वहिनीला चुलीमागं ओढलं. तिचं कुजबुजणंही आमच्या घरात स्वच्छ ऐकू येतं.

"केळात घाल. सुईनं भोक पाड, गोळीचा चुरा करून घाल. त्याले काय समजते?"

"नाही आत्याबाई."

"काहून नाही? नागपूरले धाडतं काय माह्या पोराले?"

"अकरा दिवस लपवून घातलं, तुम्ही पाह्यलं ना काय झालं. आता जे द्यायचं ते तोंडावर."

"तोंडावर तो घेते काय?"

"घेईल."

"कवा?"

"घेईल म्हणते ना."

असं "म्हणते ना" म्हटलं की वहिनीशी वाद संपत असे. शाळेतली पोरं, रॉकेलच्या रांगेतल्या बाया आणि गावचे सरपंच, तिघांचाही हाच अनुभव.

एकट्याला सोडायचं नाही, म्हणून ती त्याला रोज शाळेत न्यायला लागली. ती पुढं, डोक्यावर कांद्याची टोपली. तो दहा पावलं मागं, खिशात दोन केळी. मी एकदा विचारलं, "मारोतीभाऊ, सोबत काहून नाही चालत?"

"मागून चाललं की हात दिसते तिचे," तो म्हणाला.

खिचडीच्या शेडसमोर कडुनिंब आहे. त्याच्याखाली बसून तो दिवसभर तिच्या हातांवर पाळत ठेवायचा. वहिनीलाही ते बरंच होतं. तो तिच्यावर नजर ठेवतो म्हणजे आपोआप तिचीही त्याच्यावर राहते.

तिथं त्याला हेडमास्तर सदाशिवराव दिसले. सदाशिवराव दारव्ह्याहून सायकलनं यायचे आणि कशावरच विश्वास ठेवायचे नाहीत. कुठल्याशा गावी खिचडीत पाल निघाल्याचं ऐकल्यापासून त्यांनी स्वतःचाच एक नियम काढला होता. खिचडी झाली की खुर्ची टाकून शेडसमोर बसायचे, खिशातून स्वतःचा चमचा काढायचे, वाटीभर खिचडी खायचे, आणि मग मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून पंधरा मिनिटं स्तब्ध. एकशे छत्तीस पोरं ताटं घेऊन मास्तर मरतात का याची वाट पाहत उभी. पंधरा मिनिटं झाली की मास्तर एका वहीत लिहायचे: 'मीठ बरोबर. प्रकृती ठीक.' खाली सही. मग वाढप.

तिसऱ्या दिवशी मारोतीभाऊ उठून त्यांच्याजवळ गेला.

"मास्तर, याचा पगार भेटते काय तुम्हाले?"

"पगार शिकवायचा मिळतो. हे फुकट करतो."

"अन् त्याच्यात काही असलं त?"

"तर पंधरा मिनिटांत मी आडवा. पोरं वाचली."

"मंग वही कोन लिहीन?"

सदाशिवराव विचारात पडले. नियमातली एवढी मोठी फट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. "दुसरे गुरुजी लिहितील," ते म्हणाले.

"हे बरोबर आहे," मारोतीभाऊ म्हणाला. "आम्ही बी मशीन आधी रिकामी फिरवतो. मंगच कापूस टाकतो."

दुसऱ्या दिवशी मास्तरांची प्रकृती ठीक असल्याचं लिहून झालं आणि पोरांच्या रांगेत शेवटी, चौथीतल्या एका पोरीमागं, ताट घेऊन मारोती फिटर उभा. पोरं खिदळली. वहिनीनं मान वर केली नाही. त्याच्या ताटात पळी उपडी केली आणि पोरांना म्हणते तसंच म्हणाली, "सांडू नका. पुढं चला."

तो मांडी घालून दोन ताटं जेवला. वहिनी शेडमागं जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी तिनं पुन्हा घासली.

बातमी गावभर झाली आणि गावभर एकच सल्ला निघाला. आता खिचडीत टाक! जिनाचा चौकीदार फुलसिंग तांड्यावरून मुद्दाम आला. "वहिनी, भगवानानं मौका देल्ला. वाढता वाढता ढकल गोळी. कोनाले दिसते?" सदाशिवरावांनीही चष्मा पुसत सांगितलं की माझं चाखून झाल्यानंतर एखाद्याच ताटात काय पडतं याची जबाबदारी नियमाप्रमाणे माझ्यावर येत नाही. आमच्या घरातही आई म्हणाली, मी म्हणालो. सगळ्यांचंच ते चुकीचं होतं आणि सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटत होतं.

"एक दिवस घेतली होती मी मुठीत," वहिनीनं मला पुढं सांगितलं. "ताटापाशी हात गेलता. त्यानं ताट पुढं केलं, अन् पाह्यलंच नाही माह्या हाताकडे. रोज पाहे, त्या दिवशी पोरीसंग बोलत होता. मले वाटलं, हा आता पाहून नाही राह्यला अन् आपण टाकतो काय? मूठ तशीच ठेवली. घामानं गोळी विरघळली. हात धुवून टाकला."

घरी आल्यापासूनचा दहावा दिवस रविवार निघाला. शाळा बंद. मारोतीभाऊ पुन्हा केळ्यांवर आला. गोळी अजून एकही पोटात नाही, आणि पाच दिवसांवर यवतमाळची तारीख.

त्या सकाळी वहिनीनं दीपाची जुनी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या, भाकरी आणि तुरीचं वरण केलं, आणि ताट मध्ये ठेवून बसली.

"हे पाहा. मास्तरसारखी वही. मी आधी जेवते. घड्याळ तुमच्याजवळ ठेवा."

मारोतीभाऊनं वही तपासली. "बनवणाऱ्यानं चाखून चालत नाही. मास्तर बनवते काय खिचडी?"

"मंग कोन चाखन?"

"आई चाखन."

"मी काहून मरू?" शकुबाई पटकन बोलून गेली.

मग मारोतीभाऊ हसला. दीड महिन्यात तो हसला नव्हता. हसता हसता त्याला ठसका लागला आणि डोळे पुसत तो वहिनीकडे वळला. आवाज एकदम खाली आला. भिंतीपलीकडे आम्हीही हातातला घास ताटात ठेवला.

"दीपाची माय. एक विचारतो. खरं सांगजो."

"विचारा."

"तू कवा काही टाकलं होतं काय?"

शकुबाई मागून जोरजोरात मान हलवत होती, नाही म्हण, नाही म्हण. हे वहिनीनंच नंतर हसून सांगितलं. तेव्हा मात्र ती हसली नाही.

"टाकलं होतं," ती म्हणाली. "मे महिन्यात. अकरा दिवस. बाजारातल्या जीपीवरून पुडी आणली, आत्याबाईच्या तमाकूच्या डब्यात लपवली, रोज रात्रीच्या वरणात टाकली. दारू सुटावी म्हणून. मॅडम म्हणे, जीव गेला असता तुमचा. मले माहीत नव्हतं. पण टाकलं मीच."

मला वाटलं आता भांडी उडणार. मारोतीभाऊ म्हणाला ते एवढंच:

"म्हणजे मी पागल नोहो."

"त्या एका गोष्टीत नाही," वहिनी म्हणाली. "बाकीच्यात आहे. जिनाले कुलूप आहे अन् तुम्हाले ते ऐकू येते. त्याच्यात आहे. त्याचीच गोळी आहे."

"लिही."

"काय लिहू?"

"हेच. वहीत लिही. पहिल्या पानावर."

तिनं लिहिलं. मे महिन्यात अकरा दिवस न सांगता वरणात पुडी टाकली. सौ. पंचफुला. त्यानं खाली लिहिलं, 'वाचले', आणि सही केली. मग म्हणाला, "जेव."

ती जेवली. तो घड्याळ धरून बसला. पंधरा मिनिटं झाल्यावर त्यानं तिच्याच ताटातली अर्धी भाकरी घेतली, वरणात बुडवली आणि खाल्ली. वहिनीनं पदराची गाठ सोडून गोळीची पुडी पुढं केली. दवाखान्यातून गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मिळाल्या होत्या.

त्यानं हात मागं घेतला. "पुडीतलं नाही. ते बी पुडीतलंच होतं ना?"

वहिनी त्या पुडीकडे पाहत राहिली. नंतर म्हणाली, "इतके दिवस डोक्यात काहून नाही आलं माह्या, काय मालूम."

सोमवारी तिनं नवऱ्याला शकुबाईच्या हवाली केलं, शाळेत सुट्टी टाकली आणि मॅडमची चिठ्ठी घेऊन दारव्ह्याचं मेडिकल गाठलं. त्या दिवशी खिचडी सदाशिवरावांनी स्वतः शिजवली आणि नियमात सूट नको म्हणून स्वतःच चाखली. वहीतली नोंद अजून आहे: 'खिचडी लागली. मीठ नाही. प्रकृती बरी नाही.'

संध्याकाळी वहिनीनं मारोतीभाऊच्या मांडीवर चमकदार कागदात बंद असलेल्या गोळ्यांची पट्टी टाकली. तीच गोळी, तेच नाव.

"याले बी साल आहे," ती म्हणाली. "तुम्हीच ठेवा. तुम्हीच फोडा. फक्त माह्यासमोर घ्या."

मारोतीभाऊनं पट्टी उजेडात धरली. कडा तपासल्या. कानाजवळ नेऊन हलवून पाहिली, जसं नवीन बेअरिंग तपासतात. तारीख वाचली. मग अंगठ्यानं एक गोळी फोडली आणि स्वतःच्या पाण्यासोबत गिळली. शकुबाई मोठ्यानं "साधु, साधु, साधु" म्हणाली, तर वहिनी तिच्यावर खेकसली, "गप बसा ना आत्याबाई, परतन तो!"

पंधराव्या दिवशी दोघं यवतमाळला गेली. मारोतीभाऊनं मॅडमसमोर फुटलेली पट्टी ठेवली, वर वही ठेवली. मॅडमनी पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. "हे कोणी सुचवलं?"

"हा लिहाले लावते," वहिनी म्हणाली.

"आवाज?"

"येते," मारोतीभाऊ म्हणाला. "पण दूर गेलं जिन. दोन शेतं पलीकडे."

नागपूरचा विषय निघाला नाही. महिन्यानं या, एवढंच.

त्या घरात आता नवी रीत पडली. दोन्ही वेळा वहिनी आधी जेवायची, पंधरा मिनिटं गप्पा मारत बसायची, मग मारोतीभाऊ. आमच्याकडे बाई शेवटी जेवते, उरलंसुरलं, गार. त्यामुळे पुरुषांनी पारावर टिंगल केली आणि बायांनी हापशीवर. पण बायांची टिंगल निराळी. "आमच्या बुढ्याले बी संशय येऊ दे व माय," एक म्हणाली, "गरम भाकर खाऊन किती वर्षं झाली!" वहिनी म्हणाली, "पाठवा माह्याकडे. संशय आणून देते."

सगळं सरळ झालं असं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जेव्हा अर्धा गाव उताणा पडलेला असतो, मारोतीभाऊही घेऊन आला. पण आल्याबरोबर ओरडला नाही, लपला नाही. वही उघडली आणि लिहिलं, 'आज घेतली. मारोती.' आणि भिंतीला टेकून बसला. वहिनीनं वाचलं.

"चव कशी होती? मास्तर चव लिहिते."

"कडू."

"तेही लिहा," ती म्हणाली, आणि प्यायलेल्या माणसाला गोळी द्यायची की नाही हे विचारायला एसटीडीवर मॅडमना फोन लावायला गेली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दोन गोळ्या, दोन वेळा. त्या पानानंतर 'घेतली' असं लिहिलेलं पान नाही. मी वही पाहिली आहे.

दिवाळीनंतर जिन सुरू झालं. मालकानं आधी दुसरा फिटर आणला होता. मारोतीचं डोकं फिरलं म्हणे, असं त्याच्या कानावर गेलं होतं. चौथ्याच दिवशी तीन मशिनी बंद पडल्या आणि मालकाची गाडी आमच्या गल्लीत आली. वहिनी दारातच म्हणाली, "येतील. पण हंगामाच्या मुहूर्ताची बाटली फिटरले द्याची रीत आहे ना तुमची, ती यंदा नोको. नारळ द्या." मालकानं नारळ दिला.

त्या दिवशी दुपारी ती शाळा आटोपून डबा घेऊन जिनात गेली. मारोतीभाऊ अकरा नंबरच्या मशीनखाली, कोपरापर्यंत ग्रीस, कान लोखंडाला लावलेला. ती सरकीच्या पोत्यावर बसली.

"जेवून घ्या. हात धुवा."

"हात धुतले त पुन्हा सगळं भरते. थांब, आवाज सापडून राह्यला." मग डोकं बाहेर न काढताच, "भूक बी लागली. तूच घाल ना."

तिनं भाकर मोडली, बेसन लावलं आणि खाली वाकून त्याच्या तोंडात घास दिला. त्यानं चावत चावत पाना फिरवला. दुसरा घास. तिसरा. चौथा हातात घेतला आणि तिचा हात थांबला. डबा तिनं आताच उघडला होता. ती अजून जेवली नव्हती. घड्याळ मारोतीभाऊच्या मनगटावर नव्हतं, ग्रीस लागेल म्हणून खुंटीला टांगलेलं होतं.

मशीनखालून उघडं तोंड वाट पाहत होतं. "काहून थांबली?"

"काही नाही," वहिनी म्हणाली. "आ करा."

दरवाज्यात उभ्या असलेल्या फुलसिंगनं शिटी मारली. "वहिनी, आमच्या बी तोंडात टाका एखादा घास!"

"घरी जा फुलसिंगभाऊ, घरी," वहिनीनं मान न वळवता सांगितलं आणि पाचवा घास मोडला. "बायकोले सांगा, आधी तू जेव. मंग पाहा कशी प्रेमानं भरवते."